चूल नाही त्याला शिधा कशाचा?

सरकारी मदतीच्या कार्डावर कुणी बर्गर घेतला की अमेरिकेत हमखास भांडण जुंपतं. एक पक्ष म्हणतो, आम्ही राबून कर भरायचा आणि यांनी त्यावर बाहेरचं खायचं! दुसरा पक्ष म्हणतो, गरिबाने काय फक्त डाळ-तांदूळच खायचा, त्याला जीभ नाही का? तिथे स्थायिक झालेली मराठी मंडळीही या भांडणात हिरीरीने उतरतात, आणि पुष्कळदा पहिल्या पक्षाच्या बाजूने. रोज घरून डबा नेणाऱ्याला हॉटेलचं बिल ही चैन वाटणारच. पण दोन्ही पक्ष बर्गरवरच बोलत राहतात. तो खाणारा माणूस राहतो कुठे, हे कुणी विचारत नाही. त्याच्याकडे शेगडी आहे का? फ्रीज आहे का? भांडी घासायला नळ आहे का? हे न विचारता त्याने काय खावं यावर मत देणं म्हणजे नुसती करमणूक आहे.

बाजू आधीच सांगून टाकलेली बरी. गरम, शिजवलेल्या अन्नावर सरकारी मदत चालत नाही हा तिथला नियम काढून टाकावा. हॉटेलात जेवायची मुभा वय किंवा अपंगत्व बघून देण्याऐवजी, माणसाकडे स्वयंपाकाची सोय आणि ताकद आहे का हे बघून द्यावी. आणि या योजनेत येणाऱ्या हॉटेलांना ठरलेल्या भावाची, ठरलेल्या वजनाची थाळी द्यायला बांधून घ्यावं. पहिल्या दोन गोष्टी ऐकून एक पक्ष चिडेल, तिसरी ऐकून दुसरा. चालेल.

आधी व्यवस्था नीट समजून घेऊ. पूर्वी जिला फूड स्टॅम्प म्हणत, त्या योजनेचं २००८ पासूनचं नाव स्नॅप. सुमारे चार कोटी लोक तिच्यावर अवलंबून आहेत. महिन्याची रक्कम ईबीटी नावाच्या कार्डावर जमा होते आणि दुकानात चार आकडी पिन टाकून खर्च करता येते. ऑक्टोबर २०२५ पासून एकट्या माणसाला जास्तीत जास्त २९८ डॉलर, चौघांच्या कुटुंबाला ९९४. थोडंफार उत्पन्न असलेल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला कधीकधी किमान रक्कम येते, ती महिन्याला फक्त २४ डॉलर. या पैशांत दूध, मांस, भाजी, पाव घेता येतो, वेफर्स आणि केकही घेता येतात, इतकंच काय, परसात लावायला टोमॅटोचं बी-रोप घेता येतं. दारू, तंबाखू, साबण, लहान मुलांचे डायपर, जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालत नाहीत. आणि चालत नाही ते गरम अन्न. कायद्यातली अन्नाची व्याख्याच अशी आहे की ते घरी नेऊन खाण्यासाठी हवं, आणि लगेच खाता येईल असं गरम नको.

या व्याख्येचा परिणाम बघायचा असेल तर मोठ्या दुकानातली भाजलेली कोंबडी बघावी. दिव्याखाली ठेवलेल्या गरम कपाटातली अख्खी कोंबडी उचलली तर कार्ड चालत नाही. तीच कोंबडी रात्री उरली, गार करून फ्रीजच्या कपाटात गेली, की दुसऱ्या दिवशी कार्ड चालतं. कोंबडी तीच, मसाला तोच, पोषण तेच. ज्याच्या घरी मायक्रोवेव्ह आहे तो गार कोंबडी नेऊन पाच मिनिटांत गरम करतो. त्याला या नियमाने काहीच फरक पडत नाही. ज्याच्याकडे गरम करायची सोयच नाही त्याला मात्र ती गारच खावी लागते. म्हणजे या नियमाचा फटका बसतो तो नेमका ज्याला गरम जेवणाची सर्वांत जास्त गरज आहे त्याला, बाकी कुणालाच नाही. सरकारलाही हे कळतं. चक्रीवादळ आलं, वीज गेली, घरं पडली की ही योजना चालवणारं केंद्राचं शेतीखातं त्या राज्यापुरती गरम अन्नाची बंदी तात्पुरती उठवतं. २०२२ मध्ये इयन वादळानंतर फ्लोरिडात, २०२३ मध्ये माउईच्या वणव्यानंतर हवाईत ती उठवली होती. वादळाने चूल गेली तर ते दिसतं, घरभाडं न परवडल्याने गेली तर दिसत नाही, असं हे धोरण आहे.

बंदीला एक वाट मात्र आहे. तिचं नाव रेस्टॉरंट मील्स प्रोग्रॅम. राज्याची इच्छा असेल तर राज्याने ती राबवायची. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मिशिगन, न्यूयॉर्क अशा मोजक्याच राज्यांनी ती घेतली. कॅलिफोर्नियात आधी काही काउंटींपुरती, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांपुरती, होती, २०१९ च्या कायद्यानंतर सप्टेंबर २०२१ पासून राज्यभर झाली. पात्र कोण? साठ किंवा त्याहून जास्त वयाचे, अपंग, बेघर आणि त्यांचे जोडीदार. इथवर ठीक. पण अट अशी की कार्डावरच्या कुटुंबातला प्रत्येक माणूस यांपैकी एका रकान्यात बसला पाहिजे. सत्तरीची आजी तिशीच्या धडधाकट नातवाबरोबर राहते आणि दोघांचं जेवण एकत्र आहे, म्हणून कार्डही एकत्र आहे. नातू बारा तासांच्या पाळीवर गेला की आजीने गुडघे धरून शेगडीपाशी उभं राहायचं. हॉटेलात तिचं कार्ड चालणार नाही. उलट साठीचा एखादा खणखणीत, हौसेने स्वयंपाक करणारा गृहस्थ सुसज्ज स्वयंपाकघरातून उठून हॉटेलात जाऊ शकतो. सॅन फ्रान्सिस्कोत राहायची हॉटेलं आहेत, जिथे माणसं वर्षानुवर्षं एकेक खोली भाड्याने घेऊन राहतात. खोलीत खाट आणि बेसिन, संडास बाहेर सामाईक, स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी नाहीच. तिथला पस्तिशीचा भाडेकरू बेघर नाही, म्हातारा नाही, अपंग नाही. तो अपात्र. सोय ज्या गोष्टीसाठी आहे ती गोष्ट अर्जावर कुणी विचारतच नाही.

पात्र असलं तरी सगळं सुरळीत होतं असंही नाही. हॉटेलमालकाला आधी राज्याशी किंवा काउंटीशी करार करावा लागतो, मग केंद्राच्या अन्न आणि पोषण सेवेची मंजुरी, मग ईबीटी चालेल असं यंत्र आणि त्याची जोडणी. साखळी हॉटेलांत शाखा बहुधा वेगवेगळ्या फ्रँचायझी मालकांच्या असतात. म्हणून एकाच नावाच्या दोन दुकानांपैकी एकात कार्ड चालतं, चार चौक पलीकडच्या दुसऱ्यात नाही. पात्र माणसाच्या कार्डावर प्रणालीत एक खूण असते. ती खूण पडली नसेल तर खात्यात पैसे असूनही व्यवहार नाकारला जातो, आणि काउंटरवरच्या पोराला कारण माहीत नसतं. त्याला वाटतं पैसे संपले. मागे रांग उभी असते. टिप कार्डातून देता येत नाही, घरपोच देणाऱ्याचं शुल्क देता येत नाही, विक्रीकर मात्र लागत नाही. भूक लागलेल्या माणसाने हे सगळं पाठ करून दुकानात शिरावं, अशी अपेक्षा आहे.

मुळात घरी नेऊन शिजवा ही अट आली कुठून? नैतिकतेतून आली असं आज दोन्ही पक्षांना वाटतं. इतिहास जरा निराळा आहे. पहिली योजना मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात सुरू झाली. लोकांनी नारिंगी तिकिटं विकत घ्यायची, दर डॉलरमागे पन्नास सेंटची निळी तिकिटं फुकट मिळायची, आणि निळ्या तिकिटांवर सरकारने जादा ठरवलेला शेतमालच घेता यायचा. मंदीत पडून राहिलेलं लोणी, अंडी, पीठ, कडधान्यं खपवायची होती. गरिबाचं पोट आणि शेतकऱ्याचं गोदाम अशी दोन्ही गणितं एकाच पानावर मांडली होती, आणि गोदामाचं गणित वरच्या ओळीत होतं. १९६४ च्या कायद्यात तर वेष्टनावर परदेशी असल्याची नोंद असलेला मालही वर्ज्य होता. त्याच वर्षी प्रतिनिधीगृहाच्या मसुद्यात शीतपेयं आणि चैनीचे पदार्थ वगळायची भाषा होती. सिनेटने ती काढली, कारण चैनीचं काय आणि गरजेचं काय हे दुकानदुकानात ठरवणार कोण? म्हणजे आजचं भांडण साठ वर्षं जुनं आहे. १९७१ मध्ये स्वयंपाक न जमणाऱ्या म्हाताऱ्यांना घरपोच जेवणासाठी तिकिटं वापरायची परवानगी मिळाली, आणि पुढे हॉटेलांची वाट उघडली. शिजवलेलं अन्न द्यावं लागतं, हे या योजनेने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलंय. द्यावं की नाही हा प्रश्न तेव्हाच मिटला. कुणाला आणि कशा अटींवर, एवढाच उरलाय.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा पैशांचा आहे, आणि समर्थक तो टाळतात. २९८ डॉलर म्हणजे दिवसाला दहा डॉलरही नाहीत. अमेरिकेत एका वेळचं बाहेरचं साधं जेवण आठ-दहा डॉलरच्या खाली मिळणं कठीण. म्हणजे रोज एकदा हॉटेलात जेवलं की महिन्याची सगळी रक्कम त्यातच गेली, दुसऱ्या वेळेला हात रिकामा. सरासरी रक्कम तर माणशी दरमहा १९० डॉलरच्या आसपासच आहे. तांदूळ, राजमा, अंडी, कोबी, बटाटे घेऊन घरी शिजवणाऱ्याचा तोच पैसा दुप्पट-तिप्पट दिवस पुरतो. मुळात कुटुंबांची बहुतेक रक्कम पहिल्या दोन आठवड्यांतच संपते आणि अनेकांचा शेवटचा आठवडा अन्नछत्रांच्या भरवशावर जातो. मग ही मुभा म्हणजे गरिबाला लवकर उपाशी ठेवायची सोय नव्हे का?

हा हिशेब खरा आहे, पण अर्धा आहे. राजमा स्वस्त आहे तो भिजवायला भांडं, शिजवायला तास-दीड तास गॅस, आणि उरलेला ठेवायला फ्रीज असणाऱ्याला. गाडीत झोपणाऱ्या माणसासाठी दोन पौंड राजम्याची किंमत शून्य आहे, कारण तो खाताच येत नाही. त्याच्यासमोरचे खरे पर्याय म्हणजे गार सँडविच, पाव, पीनट बटर, केळी, डब्यातलं गार सूप, आणि वेफर्स. यातलं दुकानातलं तयार सँडविच हॉटेलच्या जेवणाच्या जवळपास भावाचंच असतं. त्याला पाच पौंडांची बटाट्याची पिशवी परवडते आणि उपयोगाची नसते. दुधाचा गॅलन स्वस्त पडतो, पण फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत नासतो, म्हणून तो लहान बाटली घेतो आणि तेवढ्याच दुधाला कितीतरी जास्त मोजतो. शेतीखात्याच्याच २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्नॅपवरच्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी सकस खाण्यात काही ना काही अडचण येते असं सांगितलं. पहिली अडचण किंमत, पण सुमारे तीस टक्के लोकांनी मुळापासून स्वयंपाक करायला वेळ नाही असंही सांगितलं. रक्कम ठरवताना सरकार जो काटकसरीचा आहार धरतं, त्यात शिजवायचे तास आणि इंधन यांचं मोल मोजलेलं नाही. घरचं जेवण स्वस्त दिसतं, कारण ते करणारीच्या वेळाला शून्य किंमत लावलेली असते. आपल्याकडे तर हे कुणी वेगळं सांगायला नको.

दुसरा मुद्दा पोषणाचा. तळलेलं, खारट, साखरेचं अन्न सरकारी पैशाने का? आजार झाला की त्याचाही खर्च सरकारनेच उचलायचा? २०२५ पासून नेब्रास्का, इंडियाना, आयोवा अशा राज्यांनी सोडा, म्हणजे गोड शीतपेयं, आणि त्यासारख्या गोड मालावर स्नॅप चालू नये अशी परवानगी केंद्राकडून मिळवली. मुद्दा खोटा नाही. साखळी हॉटेलातलं जेवण चांगलं असतं असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण विरोध खरंच पोषणासाठी असेल तर रोख गरम अन्नावर कसा? दुकानातली गार पेस्ट्री चालते आणि भाजीचं गरम सूप चालत नाही, ही पोषणाची बाजू झाली का? आणि त्याहून अडचणीचा प्रश्न असा: सोड्यासाठी राज्यांना प्रयोग म्हणून अन्नाच्या व्याख्येला हात लावता येतो, तर गरम कोंबडीसाठी का नाही? बंदी वाढवायला जी लवचिकता सापडते ती सोय वाढवायला सापडत नाही, तेव्हा वाद आरोग्याचा आहे यावर विश्वास ठेवणं अवघड जातं.

फसवणुकीचा मुद्दा लवकर आटोपता येईल. स्नॅपमधली जुनी लबाडी ठरलेली आहे: दुकानदार शंभर डॉलरचा खोटा माल विकल्याचं दाखवतो आणि गिऱ्हाइकाला पन्नास रोख देतो. खात्याच्या स्वतःच्या अंदाजानुसार १९९३ मध्ये डॉलरमागे सुमारे पावणेचार सेंट असे फिरायचे. कागदी तिकिटं जाऊन कार्ड आल्यावर २०१२ ते २०१४ च्या अंदाजात ते दीड सेंटवर आले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ऐंशी डॉलरची खरेदी नेहमीची असते, त्यात लबाडी दडते. एका माणसाच्या जेवणाच्या दुकानात ऐंशीचा आकडा लगेच डोळ्यांत भरतो. आज मोठी चोरी होते ती वेगळ्याच वाटेने. ईबीटी कार्डांवर बराच काळ नुसती चुंबकी पट्टी होती. यंत्रावर नकली वाचक बसवून पट्टीची नक्कल करायची आणि गरिबाचा सगळा महिना एका रात्रीत रिकामा करायचा, हे सर्रास झालं. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये चिपची कार्डं द्यायला सुरुवात केली. चोर गरीब माणसाच्या मागे लागलाय आणि चर्चा गरीब माणूस चोर आहे का याची चाललीय.

मला सगळ्यांत जास्त पटतो तो विरोधकांचा आक्षेप वेगळा आहे, आणि गंमत म्हणजे तो फार थोडे लोक घेतात. ही योजना शेवटी बर्गरवाल्या कंपन्यांना सरकारी गिऱ्हाईक मिळवून देते. केंद्राच्या कायद्यात म्हटलंय की हॉटेलाने पात्र लोकांना सवलतीच्या दराने जेवण द्यावं. सवलत किती टक्के, कोणत्या पदार्थावर, कोणत्या भावाच्या तुलनेत, हे कायदा सांगत नाही. मग दहा टक्के सूट हीही सवलत, आणि मुळातच स्वस्त असलेलं कॉम्बो हीही सवलत. करार, यंत्र, मंजुरी यांचा कागदी भार मोठी साखळी सहज उचलते. कोपऱ्यावरच्या मेक्सिकन खानावळीला तो झेपत नाही, जिथे खरं तर भात, राजमा आणि भाजी ताटात मिळाली असती. योजनेने गिऱ्हाईक आणलं आणि त्याबदल्यात काहीच मागितलं नाही. हा दोष काढायचा तर योजना बंद करून निघणार नाही. सौदा नीट करावा लागेल.

असा सौदा झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने लोणी, साखर, मांस रेशनवर आणलं, पण हॉटेलात जेवायला कूपन लागत नसे. अर्थात श्रीमंत लोक हॉटेलात जाऊन रेशनला बगल देऊ लागले आणि लोक संतापले. सरकारने काय केलं? हॉटेलं बंद केली नाहीत. १९४२ मध्ये एका जेवणाला पाच शिलिंगची कमाल मर्यादा घातली, तीनपेक्षा जास्त पदार्थ वाढायला मनाई केली. आणि बॉम्बहल्ल्यांत घर गमावलेल्यांसाठी, कारखान्यांतल्या कामगारांसाठी नगरपालिकांकडून साधी भोजनालयं चालवली. त्यांचं आधीचं सरकारी नाव सामुदायिक भोजन केंद्रं असं रुक्ष होतं. ते चर्चिलना खटकलं आणि त्यांनी ब्रिटिश रेस्टॉरंट असं करायला लावलं. १९४३ मध्ये ती दोन हजारांवर होती आणि पोटभर जेवण साधारण नऊ पेन्सला मिळायचं. तिथे कुणाला गरिबीचा दाखला मागत नसत. पैसे द्यायचे, ताट घ्यायचं.

आपल्याकडे तर चूल नसलेल्या कामगाराचा प्रश्न शंभर वर्षं जुना. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष एका गाळ्यात दहा-पंधरा जण, पाळ्यांप्रमाणे झोपायचे. त्यांचं पोट भरलं ते खाणावळवाल्या बायकांनी. महिन्याच्या पगारावर उधारीने जेवण, आणि ती उधारी सांभाळायला सावकाराचं कर्ज. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली. त्या कामगारांना कुणी विचारलं का, की खाणावळीत कशाला जेवता, स्वतः भाकऱ्या थापा? विचारलं नाही, कारण गाळ्यात चूल मांडायला जागा नव्हती हे सगळ्यांना दिसत होतं.

आणि कच्चं द्यावं की शिजवलेलं, हा खटला तर भारताने सर्वोच्च न्यायालयात लढून निकालात काढलाय. १९९५ मध्ये मध्यान्ह भोजन योजना आली, पण बहुतेक राज्यांनी भोजन दिलंच नाही. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी द्यायचे. धान्य घरच्या डब्यात मिसळून जायचं, दुपारी वर्गात बसलेलं पोर उपाशीच. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला: शिजवलेलं जेवण, किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान २०० दिवस. तेव्हाचे आक्षेप आठवतात का? शाळेत स्वयंपाकघर नाही, मास्तरांनी शिकवायचं की भात उकडायचा, भ्रष्टाचार होईल, धान्य वाटणं सोपं आणि स्वस्त आहे. त्यातले काही आक्षेप खरेही ठरले. राजस्थानात सुरुवातीला रोज घुगरीच, म्हणजे गूळ घालून उकडलेले गहू, पोरं कंटाळली. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या तेलामुळे २३ मुलं मेली. शिजवलेल्या अन्नात असा धोका असतो, कोरड्या धान्यात नसतो, हे कबूल करावंच लागेल. तरीही त्यासाठी योजना पुन्हा धान्यवाटपावर नेली नाही. मेनू बदलले, वाढण्याआधी चव घेण्याचा नियम कडक झाला. कारण धान्य मोजणं सोपं असलं तरी ते मुलाच्या पोटात गेलं की नाही हे मोजता येत नव्हतं.

महाराष्ट्राने हॉटेलातल्या थाळीचाही प्रयोग करून बघितला, दोनदा. १९९५ ची एक रुपयातली झुणका-भाकर काही वर्षांत बंद पडली, आणि केंद्रांसाठी दिलेल्या मोक्याच्या जागांवर भलतेच स्टॉल उभे राहिले. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली शिवभोजन थाळी जास्त विचार करून बांधलेली होती. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. गिऱ्हाइकाने दहा रुपये द्यायचे. थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरलेली, वरचा फरक सरकारने केंद्रचालकाला द्यायचा. नवीन इमारत नाही, चालू खाणावळ आणि बचत गटच केंद्र चालवणार. कोरोनात दर पाच रुपये झाला, काही काळ थाळी मोफतही होती. ती अडली ती एकाच जागी: सरकारकडून येणारा फरक. अनेक केंद्रचालकांची बिलं महिनोन्‌महिने थकली. वाणी उधारी किती दिवस देणार? वरण पातळ होतं, मग थाळ्या कमी होतात, मग शटर खाली येतं.

इथेच दोन देशांच्या योजना एकमेकींशेजारी ठेवून बघाव्यात. आपल्याकडे थाळी काय, किती वजनाची, किती भावाची हे पक्कं, पण पैसा सरकारच्या मर्जीवर. तिथे पैसा माणसाच्या कार्डावर, पिन टाकला की हॉटेलच्या खात्यात एक-दोन दिवसांत जमा, मंत्रालयात खेटे नाहीत. पण बदल्यात ताटात काय पडेल याचं बंधन नाही. थाळी आपली आणि कार्ड त्यांचं, असं एकत्र केलं तर योजनेचे दोन मोठे दोष एकदम जातात.

प्रत्यक्षात ते असं दिसेल. राज्याने कराराच्या नमुन्यातच एक ताट लिहून टाकावं: अमुक औंस भात किंवा पाव, अमुक औंस शेंगा, अंडं किंवा मांस, एक वाटी भाजी, पाणी किंवा दूध, आणि भाव सहा डॉलर. ज्या हॉटेलाला कार्ड घ्यायचंय त्याने हे ताट ठेवलंच पाहिजे, आणि या कार्डावर फक्त तेच विकलं जाईल. सोडा-फ्रेंच फ्राइजची भानगडच नको. सहा डॉलरने रोज एक ताट घेतलं तर कमाल रक्कम मिळणाऱ्याचे १८० जातात आणि ११८ उरतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या पाव-दूध-केळ्यांना दिवसाला चार डॉलरच्या आतबाहेर. सरासरी रक्कम असलेल्याला रोज परवडणार नाही, एक दिवसाआड परवडेल. २४ डॉलरवाल्या म्हाताऱ्याला चारच ताटं मिळतील, आणि त्याच्यासाठी खरं उत्तर रक्कम वाढवणं हेच आहे. तोवर ताटामागे दोन डॉलर राज्याने घालावेत. हे अघटित नाही. डेट्रॉइटमध्ये २००९ पासून स्नॅपवर ताजी फळं-भाज्या घेतल्या की तेवढ्याच रकमेची जादा खरेदी देणारा उपक्रम चालू झाला आणि पुढे अनेक राज्यांत पसरला. भाजीला जोड देता येते तर वरणालाही देता येईल. छोट्या खानावळींचा करार काउंटीने स्वतः भरून द्यावा आणि यंत्राचा खर्च उचलावा, नाहीतर पुन्हा साखळीवालेच येतील.

पात्रतेसाठी तर नवं खातंही लागणार नाही. स्नॅपच्या मुलाखतीत भाडं किती, विजेचं बिल कोण भरतं, जेवण कुणाबरोबर एकत्र आहे, हे सगळं आजही विचारतात. त्यात आणखी दोन ओळी घालाव्यात: तुम्ही राहता तिथे चालू शेगडी आणि फ्रीज तुम्हाला वापरता येतात का, आणि उभं राहून स्वयंपाक करणं तुम्हाला झेपतं का. उत्तर नाही असेल तर त्या माणसाच्या कार्डावर खूण पडावी. माणसाच्या, कुटुंबाच्या नव्हे. म्हणजे नातू कामावर असताना आजी खाली उतरून ताट घेऊ शकेल, आणि नातवाचं कार्ड किराणा दुकानातच चालेल. काही लोक खोटं बोलतील. शेगडी असून नाही म्हणतील, आणि सहा डॉलरचं वरण-भाताचं ताट खाऊन जातील, तेही स्वतःच्याच मर्यादित रकमेतून.